तीन बेटें, तीन प्रश्न

विद्यार्थिमित्रांनो, सुटी संपून शाळा उघडली म्हणजे ‘मीं पाहिलेलें एक स्थळ’ हा निबंध तुम्हांला हमखास लिहावा लागतो. तो बहुधा असा असतो: “आम्हीं धबधबा पाहिला, तो फार सुंदर होता. जुनें प्रार्थनामंदिर पाहिलें, तें फार भव्य होतें. तेथील मिठाई खाल्ली, ती फार गोड होती.” या तीन वाक्यांत खोटें असें कांहींच नाहीं. अडचण एवढीच कीं, गांवाचें नांव बदललें तरी तीं जशींच्या तशीं दुसऱ्या कोणत्याहि गांवाला लागू पडतात. ज्या वर्णनांतून गांव ओळखतां येत नाहीं, तें लिहिणाराच्या डोळ्यांपुढून गांव गेलें असेल, पण मनांत शिरलें नाहीं, असें समजावें.

यावर एक साधा उपाय आहे. पाहिलेल्या प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारावे. ही वस्तु कशाची झाली आहे? ती कोणाच्या श्रमानें झाली? आणि ती टिकविण्याची किंमत कोण देतो? हे प्रश्न धबधब्याला विचारतां येतात, देवळाला विचारतां येतात, आणि मिठाईच्या तुकड्यालाहि विचारतां येतात. आज आपण खांद्यावर पडशी टाकून, नकाशाच्या आधारें, दूरच्या तीन बेटांवर जाऊं आणि तेथें हे प्रश्न विचारून पाहूं.

आशियाचा नकाशा उघडा. चीनच्या दक्षिणेस आणि बोर्निओच्या ईशान्येस, पॅसिफिक महासागराच्या कडेला, फिलिपिन्स देशाची बेटें पसरलेलीं दिसतील. पूर्वींच्या पुस्तकांत त्यांची संख्या ७,१०७ अशी दिलेली असे. २०१६ सालीं नव्या मोजणीचा आंकडा जाहीर झाला तो ७,६४१ आहे. उत्तरेस लुझॉन, दक्षिणेस मिंडानाव आणि या दोहोंमध्यें विसाया नांवाचा बेटांचा पुंजका, असे देशाचे तीन भाग पडतात. आपल्याला पाहावयाचीं बोहोल, सिकिहोर व कामिगिन हीं तीन बेटें एकाच बोहोल समुद्राच्या कडेला आहेत. पहिलीं दोन विसायांत मोडतात, तिसरें मिंडानावच्या उत्तर किनाऱ्यापासून सुमारें दहा किलोमीटरांवर आहे.

या बेटांशीं युरोपाचा संबंध १५२१ सालीं आला. त्या वर्षीं मॅगेलन हा दर्यावर्दी येथें पोंचला आणि मॅक्टन बेटावरील लढाईंत मारला गेला. १५६५ सालीं लेगास्पी हा स्पॅनिश सरदार बोहोलला आला. तेथील सिकातुना या प्रमुखानें व त्यानें आपापल्या रक्ताचे थेंब पेयांत मिसळून तें प्राशन केलें आणि मैत्रीची शपथ घेतली. पुढें १८९८ पर्यंत स्पेनचें राज्य राहिलें. त्यानंतर अमेरिकेचा अंमल आला. दुसऱ्या महायुद्धांत जपाननें देश व्यापला. आणि ४ जुलै १९४६ रोजीं फिलिपिन्स स्वतंत्र झाला.

“आमचा या देशाशीं काय संबंध?” असें तुम्हांपैकीं कोणी विचारील. संबंध आहे. तेथील तागालोग भाषेंत शिक्षकाला ‘गुरो’ म्हणतात, आशेला ‘आसा’ आणि चेहऱ्याला ‘मुखा’. जुन्या काळीं व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर संस्कृत शब्द पूर्वेच्या बेटांत पसरले, त्यांचे हे अवशेष होत. दुसरा दुवा आपल्या वसईचा आहे. सोळाव्या शतकांत वसई येथें जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा तरुण जपान व पूर्वेकडील बंदरें फिरून मनिलास गेला. तेथें तो फ्रान्सिस्कन संघांत सेवाबंधु म्हणून दाखल झाला आणि १५९३ सालीं जपानला परतला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें त्याला इतर पंचवीस जणांसह क्रुसावर मृत्यु आला. १८६२ सालीं त्याला संतपद देण्यांत आलें. पोर्तुगीजांच्या वसईंतला एक मुलगा स्पेनच्या मनिलांत पोंचला होता, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे हा प्रदेश तितकासा परका वाटत नाहीं.

आतां होडींत बसूं. या समुद्रांतल्या होडीला ‘बांका’ म्हणतात. ती अरुंद असते, म्हणून तिच्या दोन्ही अंगांना आडवे दांडे बसवून त्यांच्या टोकांस पाण्याला समांतर बांबू बांधतात. आपल्या कोंकणांतील कांहीं होड्यांस एका बाजूला उलंडी असते, तसाच हा प्रकार. फक्त येथें ती दुहेरी असते. मोठ्या बेटांमध्यें आतां आगबोटीहि चालतात, पण लहान बेटावर जावयाचें तर बांका हवीच.

पहिलें बेट बोहोल. या बेटाच्या मध्यभागीं गवतानें झांकलेल्या हजाराहून अधिक टेकड्या आहेत. सगळ्यांचा आकार जवळजवळ सारखा, जणूं कोणीं धान्याच्या राशी मांडून ठेवाव्या तसा. उन्हाळ्यांत गवत वाळून तांबूस पडतें, म्हणून त्यांना ‘चॉकोलेट टेकड्या’ असें नांव पडलें. येथें पहिला प्रश्न विचारूं: या कशाच्या झाल्या? उत्तर समुद्रांत आहे. फार प्राचीन काळीं येथें उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशीं पोवळ्यांचे व शिंपल्यांचे थर सांचून चुनखडीचा खडक बनला. पुढें भूगर्भांतील हालचालींनीं तो वर उचलला गेला, आणि पावसाच्या पाण्यानें तो हळूहळू विरघळवून व झिजवून त्याला हा आकार दिला. २०२३ सालीं युनेस्कोनें बोहोलला जागतिक भूउद्यानाचा दर्जा दिला. फिलिपिन्समध्यें हा मान मिळालेलें तें पहिलेंच ठिकाण होय.

टेकड्या ज्याच्या, देवळेंहि त्याचींच. बोहोलच्या किनाऱ्यावर बाक्लायोन नांवाचें गांव आहे. जेझुइट मिशनरी तेथें १५९६ सालीं आले. आज उभें असलेलें दगडी प्रार्थनामंदिर १७२७ सालीं पुरें झालें. त्याच्या भिंतींचा चिरा जवळ जाऊन पाहिला तर त्यांत पोवळ्याच्या बारीक जाळ्या दिसतात. समुद्रांतून काढलेला प्रवाळाचा दगड चौकोनी तासून या भिंती रचल्या आहेत. चिरे सांधण्यास चुना लागे, आणि तो चुनाहि पोवळीं व शिंपले भाजूनच मिळे. परंपरा असें सांगते कीं, चुना अधिक चिकट व्हावा म्हणून त्यांत अंड्यांतील पांढरा बलक मिसळीत, आणि एकेका देवळासाठीं लक्षावधि अंडीं खर्चीं पडलीं. आपल्याकडेहि जुन्या वाड्यांच्या चुन्यांत गूळ व बेलफळाचा गर घालीत, हें वाचकांपैकीं वडील मंडळींनीं ऐकलें असेल.

मग पिवळा बलक कोठें गेला? येथें देऊळ आणि मिठाई यांची गांठ पडते. फिलिपिन्सच्या पक्वान्नांत पिवळ्या बलकाचे पदार्थ फार आहेत: बलक व दूध आटवून केलेली ‘येमा’, साखरेच्या पाकावर वाफवलेलें ‘लेचे फ्लान’, आणि असे कित्येक. देवळांच्या बांधकामांत पांढरा भाग खपल्यामुळें उरलेल्या पिवळ्याचीं पक्वान्नें करण्याची चाल पडली, असें कांहीं अभ्यासकांचें अनुमान आहे. स्पेनमध्येंहि अशीं पक्वान्नें होतींच, तेव्हां हें अनुमान सर्वस्वीं खरें मानण्याचें कारण नाहीं. पण तें विचार करावयास लावतें खरें. गोव्याच्या बेबिंकेंतहि पिवळा बलक सढळ हातानें घालतात, आणि फिलिपिन्समध्यें ‘बिबिंका’ नांवाची तांदळाची भाकरीसारखी गोड पोळी आहे. पदार्थ वेगळे, नांवें मात्र बहिणींसारखीं! नाताळापूर्वीं, १६ ते २४ डिसेंबर या नऊ दिवशीं, तेथें पहांटेची उपासना होते. ती संपवून लोक बाहेर पडले कीं देवळाच्या अंगणांतच निखाऱ्यांवर भाजलेली गरम बिबिंका विकावयास ठेवलेली असते.

बोहोलची खास मिठाई म्हणजे ‘कालामाय’. चिकट जातीच्या तांदळाचें पीठ, नारळाचा दाट रस आणि तांबडी साखर मोठ्या कढईंत घालून तासन् तास ढवळीत राहावें लागतें. मिश्रण जसजसें आटतें तसतसा कलथा जड होत जातो. शेवटीं दोन्ही हातांनींहि तो हलतां हलत नाहीं. मग तें स्वच्छ घासलेल्या करवंटींत भरून, वर दुसरी करवंटी ठेवून, सांध्यावर तांबड्या कागदाची पट्टी चिकटवितात. गोव्यांतील दोदोल ज्यांनीं केला आहे, त्यांना या श्रमांची कल्पना सांगावयास नको. हा पदार्थ पाहा: रस नारळाचा, डबा नारळाचा. वेष्टन टाकून दिलें तरी तें मातींत मिसळून जातें. डब्यांत व पिशव्यांत गुंडाळलेल्या आपल्या आजच्या मिठाईला हा धडा घेण्यासारखा आहे.

आतां दुसरा प्रश्न, आणि हा सर्वांत अवघड आहे. समुद्रांतून हे चिरे काढले कोणीं? ते वाहिले कोणीं? स्पॅनिश अमलांत ‘पोलो’ नांवाची वेठ होती. सोळा ते साठ वर्षें वयाच्या पुरुषास वर्षाकांठीं चाळीस दिवस सरकारी कामावर राबावें लागे. १८८४ सालीं ही मुदत पंधरा दिवसांवर आणली गेली. जहाजांसाठीं लांकूड तोडणें, रस्ते व पूल बांधणें आणि देवळें उभारणें हीं कामें अशा वेठीनें होत. ज्याच्यापाशीं पैसा असे तो दंड भरून सुटे. गरिबाला मात्र सुटका नसे. बोहोलच्या भिंतींमध्यें भक्ति आहे हें खरें. त्याबरोबर ज्यांना ‘नाहीं’ म्हणण्याची मुभा नव्हती त्यांचा घामहि आहे.

हा घाम केव्हां तरी पेटणारच होता. १७४४ सालीं फ्रान्सिस्को दागोहोय या बोहोलच्या माणसानें बंड उभारलें. त्याचा भाऊ शिपाईगिरींत असतांना एका पळपुट्याला पकडावयास गेला आणि मारला गेला. तो द्वंद्वांत मेला या कारणावरून तेथील पाद्र्यानें त्यास ख्रिस्ती विधीनें मूठमाती देण्याचें नाकारलें. भावाचें प्रेत उघड्यावर पडलेलें पाहून दागोहोयनें शस्त्र उचललें. वेठीला व करांना कंटाळलेले हजारों लोक त्याला मिळाले आणि डोंगरांत जाऊन त्यांनीं आपलें स्वतंत्र जीवन सुरू केलें. तो स्वतः कालवश झाला तरी बंड चालूच राहिलें. तें मोडावयास १८२९ साल उजाडावें लागलें. पंचाऐंशी वर्षें! फिलिपिन्सच्या इतिहासांत इतकें दीर्घ बंड दुसरें नाहीं. आपण ख्रिस्ती वाचकांनीं ही हकीकत झांकून ठेवूं नये. ज्या देवळानें शोकग्रस्त भावाला दार लावलें, त्याच्या भिंती पोवळ्याच्या असोत कीं संगमरवराच्या, त्या वेळीं तें देऊळ आपलें काम विसरलें होतें. लोकांनीं मात्र श्रद्धा टाकली नाहीं. तीं देवळें पुढें त्यांनीं आपलीं मानलीं, आणि याचा पुरावा तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांत मिळतो.

१५ ऑक्टोबर २०१३ रोजीं सकाळीं सव्वाआठच्या सुमारास बोहोल हादरलें. भूकंपाची तीव्रता ७.२ होती. ज्या भेगेवर तो झाला ती पूर्वीं कोणाला ठाऊकच नव्हती. एका ठिकाणीं शेतांतून जमिनीची माणसाहून उंच भिंत वर आली. एके किनाऱ्यावर समुद्राचा तळ उचलला जाऊन पोवळीं उघडीं पडलीं. म्हणजे ज्या क्रियेनें प्राचीन काळीं हें बेट समुद्राबाहेर आलें, ती लोकांनीं क्षणभर डोळ्यांनीं पाहिली! दोनशेंहून अधिक माणसें दगावलीं. तो दिवस ईदच्या सुटीचा असल्यानें शाळा व कचेऱ्या बंद होत्या, नाहीं तर ही संख्या किती वाढली असती तें सांगवत नाहीं. लोओन व मारिबोहोक येथील प्राचीन देवळें पार कोसळलीं. लोबोकच्या देवळाचा दर्शनी भाग व घंटाघर ढांसळलें. बाक्लायोनच्या देवळाचीहि हानि झाली.

महाराष्ट्रांतील वाचकांना हें वाचतांना किल्लारीचें स्मरण होईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे लातूर व उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) या जिल्ह्यांत झालेल्या भूकंपांत सुमारें दहा हजार माणसें गेलीं. तेथील घरांच्या भिंती जाड दगडांच्या होत्या आणि दगडांना एकमेकांशीं बांधून ठेवणारें मातीशिवाय कांहीं नव्हतें. ज्या वजनामुळें भिंत भक्कम दिसते, तेंच वजन जमीन हालल्यावर घात करतें. बोहोलच्या देवळांचाहि दोष हाच होता. जुनें तें सुंदर असलें तरी तें सुरक्षित असतेंच असें नाहीं, हें भूगोलाच्या व विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें.

भूकंपानंतर बोहोलच्या लोकांपुढें प्रश्न होता: आधीं घरें, शाळा, दवाखाने, कीं आधीं देवळें? लोकांनीं तंबूंत व पत्र्याच्या छपराखालीं उपासना चालू ठेवली आणि प्रथम निवारा केला. देवळांचे दगड मात्र ढिगारा म्हणून फेंकून दिले नाहींत. ते वेंचून, निवडून ठेवले. देशाचें राष्ट्रीय संग्रहालय मदतीस आलें. आणि वर्षानुवर्षें काम चालून लोबोकचें देऊळ २०२१ सालीं पुन्हा उघडलें. लोओनचेंहि देऊळ पुन्हा उभें राहिलें आहे. ज्यांच्या पूर्वजांनीं ते चिरे वेठीनें वाहिले, त्यांच्या वंशजांनीं ते स्वखुशीनें उचलले. चिरे तेच; फरक पडला तो मालकींत. मला वाटतें, या बेटाच्या इतिहासाचें सार याहून थोडक्यांत सांगतां येणार नाहीं.

लोबोकच्या गांवकऱ्यांनीं आपलें देऊळ पूर्वींहि एकदां वांचविलें आहे. तेथें नदीवर एक मोठा पूल बांधावयास घेतला होता. तो पुरा झाला असता तर देवळाच्या वास्तूवर घाला आला असता. लोकांनीं विरोध केला आणि पूल तसाच अर्धवट राहिला. आजहि तो हवेंत थांबलेला दिसतो. याच गांवच्या प्राथमिक शाळेंतील मुलांचें एक गायकवृंद आहे. १९८० सालीं स्थापन झालेल्या या वृंदानें देशांत व परदेशांत नांव मिळविलें आहे. मूल मोठें झालें कीं वृंदांतून बाहेर पडतें आणि त्याची जागा धाकटें मूल घेतें. गाणारे बदलतात, गाणें चालू राहतें. दगड टिकविण्यास पैसा व कारागीर लागतात. गाणें टिकविण्यास एक शाळा आणि एक चिकाटीचा गुरु पुरतो.

दुसरें बेट सिकिहोर. क्षेत्रफळ सुमारें ३४० चौरस किलोमीटर, म्हणजे दोन दिवसांत प्रदक्षिणा घालतां येण्याजोगें. रात्रीं झाडांवर काजव्यांचे थवे चमकत, म्हणून स्पॅनिश खलाशी यास ‘अग्निबेट’ म्हणत, असें सांगतात. हें बेटहि मुख्यतः पोवळ्याच्या खडकाचेंच आहे. समुद्रापासून दूर, बेटाच्या आंतल्या शेतांत नांगर धरतांना शेतकऱ्यांना प्रचंड शिंपले सांपडतात. जमीन कोठून आली याचा याहून बोलका दाखला कोणता?

येथील लासी गांवाजवळ कांबुगाहाय नांवाचा धबधबा आहे. शंभरांहून अधिक पायऱ्या उतरून गेल्यावर तीन टप्प्यांनीं पडणारें निळसर हिरवें पाणी दिसतें. हा रंग कशाचा? चुनखडींतून वाहतांना पाणी थोडा थोडा चुना विरघळवून घेतें. पुढें तें पाणी उसळून हवेंत मिसळतें तेव्हां चुना पुन्हा थराथरानें खाली बसतो. त्यामुळें धबधब्याच्या कडा झिजण्याऐवजीं कांहीं जागीं वाढतात, पाण्याचे बांध व डोह तयार होतात, आणि पाण्यांतील सूक्ष्म कणांवर प्रकाश विखुरल्यानें निळी झांक येते. हे थर बनण्यास दीर्घ काळ लागतो, आणि मोडण्यास एका जोड्याची टांच पुरते. अशा पाण्यांत साबण लावून न्हाणें किंवा कडेवर चढून नांवें कोरणें म्हणजे शतकांचें लेखन खोडण्यासारखें आहे.

धबधब्यापासून थोड्याच अंतरावर लासीचें देऊळ आहे. तें १८८४ सालीं पुरें झालें. समोरचा मठ १८८७ ते १८९१ या काळांत बांधला. खालचा भाग पोवळ्याच्या दगडाचा व वरचा लांकडाचा, ही त्या मठाची रचना. दगड ओल व वाळवी यांना दाद देत नाहीं आणि लांकूड धरणीकंपांत लवतें. दोहोंचा मेळ घालण्याची ही युक्ति फिलिपिन्सच्या सुतार-गवंड्यांनीं अनुभवानें शिकून घेतली. त्यांचीं नांवें कोठें कोरलेलीं नाहींत, पण त्यांची बुद्धि अजून उभी आहे.

तिसरें बेट कामिगिन, आणि येथें पाऊल ठेवतांच जमिनीचा रंग बदलतो. पहिलीं दोन बेटें मुख्यतः समुद्रानें घडविलीं, हें अग्नीनें घडविलें. क्षेत्रफळ सुमारें २४० चौरस किलोमीटर. येथें गांवें पांच आणि ज्वालामुखी त्यांहून अधिक, असें लोक कौतुकानें सांगतात. येथील काटिबावासान हा धबधबा सुमारें सत्तर मीटर उंचीवरून एकाच झेपेंत खालीं येतो. ज्वालामुखीच्या प्रदेशांत लाव्ह्याचे कठीण थर व राखेचे मऊ थर एकावर एक बसतात. पाणी मऊ थर लवकर कापतें, कठीण थर कड्यासारखा उरतो, आणि प्रवाहाला उडी घ्यावी लागते. आपल्या सह्याद्रीचे कडे लाव्ह्याच्या थरांचेच आहेत. पावसाळ्यांत घाटांतून जातांना जे धबधबे दिसतात ते याच कुळांतले, हें पुढच्या सहलीला स्वतः पडताळून पाहा.

या बेटाच्या पश्चिमेस एका जुन्या देवळाच्या छप्पर नसलेल्या भिंती उभ्या आहेत. १८७१ सालीं येथें जमीन फाटून नवा ज्वालामुखी जन्माला आला आणि चार वर्षें धुमसत राहिला. त्यांत जुनें गांव नष्ट झालें. देवळाच्या भिंती उरल्या आणि दफनभूमि समुद्रांत बुडाली. बुडालेल्या दफनभूमीच्या जागीं पुढें पाण्यांत एक मोठा क्रूस उभारला. जुन्या भिंतींवर आतां वेली चढल्या आहेत. हें देऊळ पुन्हा बांधलें नाहीं, तेंहि योग्यच वाटतें. कांहीं वास्तु बांधून टिकवाव्या लागतात, आणि कांहीं भग्न ठेवूनच त्यांचा धडा टिकतो.

त्या धड्याची किंमत पुढें पुन्हा चुकवावी लागली. ४ डिसेंबर १९५१ रोजीं याच बेटावरील हिबोक-हिबोक ज्वालामुखींतून तप्त वायु व राख यांचा लोट उतारावरून धांवत आला आणि सुमारें पांचशें माणसें गतप्राण झालीं. या दुर्घटनेनंतर सरकारचे डोळे उघडले, आणि १९५२ सालीं ज्वालामुखींच्या अभ्यासासाठीं स्वतंत्र आयोग स्थापन झाला. देशांतील ज्वालामुखींवर व भूकंपांवर रात्रंदिवस नजर ठेवणारी आजची राष्ट्रीय संस्था त्याचीच वारस आहे. यंत्र आधीं हालतें, घंटा नंतर वाजते, आणि गांव वेळेवर रिकामें होतें. मृतांचें स्मारक दगडाचें असतें तसें तें ज्ञानाचेंहि असूं शकतें. आणि दुसऱ्या प्रकारचें स्मारक जिवंतांना वांचवितें.

कामिगिनची मिठाई ‘पास्तेल’. मऊ गोल पाव, आणि त्याच्या पोटांत येमा, म्हणजे तोच आटवलेला पिवळा बलक. मुळांत ही घरगुती मेजवानीची वस्तु. आतां भट्ट्यांतून रोज हजारोंनीं निघते आणि कित्येक घरांची चूल तिच्यावर चालते. ज्वालामुखीच्या राखेनें सुपीक झालेल्या मातींत येथें ‘लान्सोनेस’ नांवाचें गोड फळ पिकतें, आणि ऑक्टोबरांत त्याचा उत्सव भरतो. ज्या डोंगरानें माणसें नेलीं, तोच डोंगर फळ देतो. बेटावरचे लोक त्याला सोडून जात नाहींत. त्याच्यावर लक्ष ठेवून राहतात.

पडशी उतरण्यापूर्वीं आतां हिशेब करूं. कशाचें झालें? बोहोल व सिकिहोर येथें डोंगर, देऊळ, चुना आणि धबधब्याचा रंग, सर्व पोवळ्याचें. कामिगिनला सर्व अग्नीचें. आणि मिठाई बहुतेक नारळाची, तांदळाची व अंड्याची. कोणाच्या श्रमानें? वेठीच्या मजुरांच्या, निनांवी गवंड्यांच्या, कढईशीं तासन् तास उभ्या असलेल्या स्त्री-पुरुषांच्या. टिकविण्याची किंमत कोण देतो? दगड वेंचणारे गांवकरी, नवीं मुलें तयार करणारे शिक्षक, आणि रात्रपाळीला यंत्रापाशीं जागणारे शास्त्रज्ञ. पाहुणाहि यांत आपला वांटा उचलूं शकतो: मिठाई करणाराच्या हातूनच विकत घ्यावी, ठरलेल्या दरांत विनाकारण घासाघीस करूं नये, देवळांत उपासना चालू असेल तर बाहेर थांबावें, आणि धबधब्यावर आपल्या येण्याची खूण मागें ठेवूं नये.

परंतु या बेटांवर जाण्याइतका पैसा आपल्यापैकीं फार थोड्यांजवळ असणार, आणि त्याची खंत करण्याचें कारण नाहीं. तुमच्या गांवांतहि एखादें जुनें देऊळ, मशीद, वाडा किंवा बारव आहे. एखादा ओढा आहे. आणि सणाला होणारा एखादा पदार्थ आहे. सुटींत एक वही घ्या. भिंतीचा दगड कोणत्या खाणींतून आला, हें गवंड्याला विचारा. ओढा उन्हाळ्यांत कोणत्या महिन्यांत आटतो आणि पूर्वीं कोणत्या महिन्यांत आटे, हें म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा. पदार्थाची कृति आजीला विचारा, आणि ती सांगत असतांना कलथा स्वतः हातांत घ्या. पालकांना विनंति एवढीच कीं, मुलांनीं असे प्रश्न विचारले तर “तुला काय करायचें आहे?” असें म्हणून त्यांना परतवूं नये. उत्तर ठाऊक नसेल तर ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडे मुलाला घेऊन जावें. तीं उत्तरें देणारीं माणसें वृद्ध आहेत, आणि वही अजून कोरी आहे.